मागची बाजू पण?

वीस वर्षं गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो आहे:
मागची बाजू पण काढायची का?

अमरावती रोड, भरतनगरचं वळण.
विद्यापीठातल्या पोरांचे बोनाफाईड, टीसी, जातीचे दाखले,
नापास झालेल्यांचे फेरतपासणीचे अर्ज,
सगळं या काचेवरून गेलं.
मी वाचत नाही. वाचायचं नसतं.
कागद पालथा, झाकण खाली,
हिरवा उजेड इकडून तिकडे.

उत्पलाचा फॉर्म तेवढा तीनदा काढावा लागला.
दोनदा वाकडा आला.
एक सत्र. टार्टू नावाचं शहर, एस्टोनियात.
"बाबा, आपली एक पोरगी तिकडे, त्यांची एक इकडे,
म्हणून एक्सचेंज."
शेजारचा चहावाला पुंडलिक म्हणाला,
"म्हंजे गोकुळपेठेत संत्रं देऊन मोसंबी घेतल्यावानी?"
ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिथले मार्क इथे धरतात, त्याला क्रेडिट म्हणतात.
माझ्याकडचं क्रेडिट खिळ्याला टांगलेल्या वहीत आहे,
आणि हॉस्टेल सोडून गेलेली पोरं ते फेडायला येत नाहीत.
हे तिला सांगितलं नाही.

सोनेगावच्या काट्यावर बॅग भरली
तेवीस किलो चारशे ग्रॅम.
वरचे चारशे ग्रॅम म्हणजे तिच्या आईचं तिखट.
ते स्कूटरच्या डिकीतून माझ्यासोबत घरी परत आलं.
अजून आहे.

फेब्रुवारीत तिनं गोठलेल्या नदीचा फोटो पाठवला.
नदीवर एक माणूस कुत्रा फिरवत होता.
आम्ही साडेतीन तास पुढे. मग मार्चअखेर एका रात्रीत
अडीच तास पुढे.
तिनं समजावलं, इथे उन्हाळ्यासाठी घड्याळ सरकवतात.
मी म्हटलं, इथे उन्हाळ्यासाठी कूलर सरकवतात.
हसली. पण तो एक तास गेला कुठे,
हे मला अजून नीट कळलेलं नाही.

एप्रिल. चव्वेचाळीस.
दुपारी दुकानात एक पोरगी आली,
आपल्या पोरींसारखा स्कार्फ बांधलेला, फक्त डोळे उघडे,
आणि डोळे करडे.
"भैया, दो कॉपी."
फॉर्मच्या वर खांबांचं चित्र.
उत्पलाच्या फॉर्मवर होतं तेच.

सवयीनं विचारलं, मागची बाजू पण?
तिला कळलं नाही. तिनंच कागद उलटा करून दाखवला.
वीस वर्षांत पहिल्यांदा वाचलं.
अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे.
नाव: टार्मो. नातं: वडील.
नंबर, आणि त्यातला शेवटचा आकडा दोनदा गिरवलेला.

झाकण लावलं. उजेड गेला, आला.
चार रुपये.
घेतले. नसते घेतले तर तिनं विचारलं असतं, का,
आणि तेवढी इंग्रजी माझ्याकडे नाही.
पुंडलिकला हाक मारून एक कांदा मागवला,
खिशात ठेव म्हटलं, खुणेनं. लू लागत नाही.
ती कांद्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे,
मग ठेवला.
तिकडेही कोणी म्हातारा उत्पलाला
असलं काही वेडगळ देत असेल का,
थंडी लागू नये म्हणून?

घरी येऊन तिचा वाकडा आलेला फॉर्म शोधला.
टाकून दिला नव्हता. मागची बाजू.
नाव: भीमराव रामटेके. नातं: वडील.
मशीनच्या आवाजात मला मोबाइल ऐकू येत नाही,
म्हणून तिनं दुकानाचा नंबर लिहिलाय,
पाटीवर आहे तोच, शून्य सात एक दोनवाला.

आता रविवारीही शटर अर्धं वर करतो.
मशीन बंद. गिऱ्हाईक नाही.
पुंडलिक विचारतो, "काहून आले बाप्पा आज?"
फोनजवळ बसतो,
तो वाजू नये म्हणून.